लठ्ठपणा कमी करायला सरकारने जंक फूडवर कर लावावा का?

लावावा, पण सरसकट नको. कर कसा बेतलाय यावर सगळं अवलंबून आहे.

डेन्मार्कने ऑक्टोबर 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला. त्यात लोणी, चीजही सापडलं. लोक खरेदीला सीमेपलीकडे जर्मनीत जाऊ लागले आणि 2013 उजाडताच कर गेला. केरळने 2016 मध्ये ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के लावले. टपरीवरचा तेलकट वडा मात्र मोकळा!

ब्रिटनने डोकं चालवलं. 100 मिलीलीटर पेयात 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य. सुरुवातीला 5 ग्रॅमपासून लिटरमागे 18 पेन्स, 8 ग्रॅमपासून 24 असा दर होता. घोषणा 2016 ची, अंमल एप्रिल 2018 पासून. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी आपणहून साखर उतरवली. म्हणजे गिऱ्हाइकाने सवय न बदलताही पोटात साखर कमी गेली. मला हाच मार्ग पटतो.

आपल्याकडे कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे, पण साखरेचं आणि बिनसाखरेचं, दोन्हींना तेवढाच. मग कंपनी साखर कशाला कमी करेल? आणि सप्टेंबर 2025 पासून फरसाण, बिस्किटं, चॉकलेट सगळं 5 टक्क्यांत आलंय.