वाचकांचे प्रश्न : बॅटरीतील 'नॅनो' म्हणजे काय?

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या विक्रेत्याने 'नॅनो बॅटरी' लवकर चार्ज होते आणि जास्त वर्षे टिकते, असे सांगितले. इलेक्ट्रोडमधील कण बारीक केल्याने नेमके काय साधते? सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : विक्रेत्याचे पहिले विधान तत्त्वतः बरोबर आहे, दुसऱ्यावर सरसकट विश्वास ठेवू नये. चार्ज होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन-ऋण टोकांवरील पदार्थाच्या, कणांमध्ये शिरतात आणि घन पदार्थातील हा प्रवास फार संथ असतो. त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 10 मायक्रोमीटरचा कण 100 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) केला, तर अंतर 100 पटींनी आणि वेळ, निदान कागदावर, 10,000 पटींनी घटतो. बॅटरी संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 मध्ये पुढे आणलेले लिथियम आयर्न फॉस्फेट हे धन इलेक्ट्रोडचे रसायन विजेचे दुबळे वाहक असल्याने मंद चालत असे; कण बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ थर दिल्यावर ते वाहनांच्या कामाचे झाले.

ऋण इलेक्ट्रोडमध्ये ग्राफाइटऐवजी वापरता येणाऱ्या सिलिकॉनची अडचण वेगळी आहे. ग्राफाइटमध्ये प्रतिग्रॅम 372 मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार मावतो, तर सिलिकॉनमध्ये सुमारे 3,600. परंतु लिथियम घेताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते आणि मोठे कण तडकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई यांच्या गटाने 2008 मध्ये सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरून दाखवल्या. तारांमध्ये मोकळी जागा असल्याने त्या न तुटता फुगू शकतात.

आता टिकाऊपणाविषयी. कण 100 पटींनी लहान झाले की तेवढ्याच वजनाच्या पदार्थाचा पृष्ठभाग 100 पटींनी वाढतो आणि ऋण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच इलेक्ट्रोलाइटचे (आयन ज्यातून ये-जा करतात त्या द्रवाचे) विघटन होऊन लिथियम कायमचे अडकून पडते. मंगळवेढ्याची ज्वारी दाण्याच्या रूपात दीर्घकाळ राहते, पीठ मात्र लवकर खराब होते, तसेच हे आहे. उष्णतेने ही विक्रिया वेगावते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. शिवाय नॅनो भुकटी दाटून बसत नसल्याने तेवढ्याच जागेत ऊर्जा कमी मावते. म्हणूनच अनेक उत्पादक नॅनोकणांचे मायक्रोमीटर आकाराचे गोळे बनवून वापरतात.

तेव्हा विक्रेत्याला बॅटरीचे रसायन कोणते आणि हमी किती वर्षांची, हे विचारावे. लिथियम आयर्न फॉस्फेट उष्णतेत तुलनेने अधिक स्थिर असते. तरीही उन्हातून आल्यावर गाडी सावलीत निवू द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी.