सलाईन चालू आहे, पण लघवी मोजताय का?

भाऊ, तुमच्या कुत्र्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ६ आलं म्हणून हातपाय गाळू नका. अचानक बिघडलेली किडनी कधी कधी सावरते. पण लघवी मोजा. आमच्या मोतीखालची जुनी चादर मी आधी कोरडी, मग ओली वजनकाट्यावर ठेवायचो. फरकातला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. सलाईन जातंय अन् चादर कोरडीच, तर मध्यरात्रीही डॉक्टरांना उठवा, फुफ्फुसात पाणी साचू शकतं.

घरात त्यानं मनुके, द्राक्षं, आयबुप्रोफेनची (दुखण्यावरची) गोळी खाल्ली का, आठवून डॉक्टरांना सांगा; यांनी कुत्र्याची किडनी बिघडते. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी प्यायला असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) तपासणी करायला सांगा. लघवी हातमोजे घालूनच पुसा, हा रोग माणसालाही होतो. दुसरं मत हवं असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

जबरदस्तीनं भरवू नका. आईनं मायेनं चारलेला वरणभात तासाभरात सतरंजीवर होता.