हॉटस्पॉट सारखा बंद-चालू होतोय? आधी वीज तपासा, मग नेटवर्क

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिस शेडमध्येच, वर पत्रा. ई-वे बिल आणि ऑर्डरचे मेल यांसाठी खिशात मावणारा फोर-जी हॉटस्पॉट वापरतो. तीन वर्षे नीट चालला. आता दुपारी बारानंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सिम बदलून पाहिले. कस्टमर केअरवाले म्हणतात, तुमच्या भागात नेटवर्क ठीक आहे. हॉटस्पॉट दिवसभर चार्जरलाच असतो. नवीन घ्यावा का?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : इतक्यात नवीन घेऊ नका. तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्रास दुपारी होतो आणि हॉटस्पॉट कायम चार्जरवर असतो. त्यामुळे पहिला संशय बॅटरीवर जातो, नेटवर्कवर नाही.

तरी एक खात्री आधी करून घ्या. त्रास होतो त्या क्षणी मोबाइलच्या वायफाय यादीत हॉटस्पॉटचे नाव दिसते का ते पाहा. नाव दिसते पण इंटरनेट चालत नाही, तर दोष सिमचा, रेंजचा किंवा रिचार्जचा. नावच गायब झाले, दिवे विझून पहिल्यापासून लागले, तर हॉटस्पॉट खरोखरच रिस्टार्ट होतो आहे आणि याचे मूळ बहुतेक वेळा विजेत सापडते. कस्टमर केअरवाले टॉवर बघून उत्तर देतात. बॅटरी, केबल आणि चार्जर आपल्यालाच तपासावे लागतात.

हॉटस्पॉट बंद करा, चार्जर काढा आणि मागचे झाकण उघडा. बॅटरी काढून टेबलाच्या काचेवर आडवी ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवा. चांगली बॅटरी सपाट असते, काचेला घासून लगेच थांबते. पोटात फुगलेली बॅटरी भोवऱ्यासारखी गरगर फिरते. फिरली, तर बाकीची तपासणी सोडा आणि ती बॅटरी पुन्हा लावू नका. मागचे झाकण पूर्वीसारखे टक्कन बसत नसेल, तर तीही फुगल्याचीच खूण.

असे का होते ते समजले, तर पुढची बॅटरी जास्त टिकेल. लिथियम-आयन सेलवर ३.७ व्होल्ट छापलेले असते, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टवर असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जरला लावलेला सेल सतत या वरच्या टोकावरच राहतो. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर, पत्र्याखाली त्याहून जास्त. या दोन्हींमुळे सेलच्या आतली रसायने हळूहळू बिघडतात, वायू धरतो आणि सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, वाढतो. अशी बॅटरी शंभर टक्के चार्ज दाखवते, पण एकदम जास्त करंट मागितला की तिचे व्होल्टेज झटकन खाली येते. टॉवरकडे डेटा पाठवताना हॉटस्पॉट करंट असाच झटक्याझटक्याने ओढतो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की प्रोसेसर रिस्टार्ट होतो. भार कमी झाल्यावर बॅटरी सावरते, हॉटस्पॉट पुन्हा चालू होतो आणि पहिली मोठी फाइल पाठवताच परत बसतो.

बॅटरी फुगलेली नसेल, तर दोन चाचण्या घ्या. चार्जर काढून फक्त बॅटरीवर अर्धा तास चालवा आणि त्या वेळात दोन-तीन मोठ्या फाइल अपलोड करा. मग बॅटरी काढून फक्त चार्जरवर तसेच करा. पहिल्या चाचणीत रिस्टार्ट झाला आणि दुसरीत नाही, तर बॅटरी गेली. उलट घडले, तर चार्जर किंवा केबल. काही मॉडेल बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत, त्यांना दोष देऊ नका. त्यांची दुसरी चाचणी चांगली बॅटरी मिळाल्यावरच घेता येते.

नवी बॅटरी नुसता आकार जुळवून घेऊ नका. जुन्या बॅटरीवरचा मॉडेल नंबर दुकानदाराला दाखवा आणि चार्जिंगचे कमाल व्होल्टेजही ताडून बघा. ४.२ व्होल्टच्या बॅटरीसारखीच दिसणारी ४.३५ व्होल्टची बॅटरीही बाजारात मिळते. ४.२ व्होल्टचा सेल ४.३५ पर्यंत चार्ज करणाऱ्या हॉटस्पॉटमध्ये बसवणे धोक्याचे. बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, बॅटरीच्या मानकाचा क्रमांक आयएस १६०४६ आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर हवा. लेबलवर यातले काहीच नसेल, तर ती बॅटरी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. फुगलेली जुनी बॅटरी टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तोवर ती पत्र्याच्या डब्यात, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. सुताच्या कारखान्यात हे फार जपून करायला हवे.

बॅटरी काढलेलीच आहे, तर तिच्या खाचेतल्या सोनेरी पिनाही बघा. सहसा तीन किंवा चार असतात. दोन विजेच्या आणि उरलेल्यांपैकी एक बहुधा बॅटरीचे तापमान कळवणारी. कारखान्यात हवेत तरंगणारे सुताचे तंतू या पिनांवर बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा आणि पाच मिनिटे वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा थर निघून जातो. मागाशेजारच्या भिंतीच्या फळीवर हॉटस्पॉट असेल, तर तो तिथून हलवा. माग चालू असताना फळी हादरते, पिन क्षणभर सुटते आणि तेवढाही खंड रिस्टार्टला पुरतो. टॉवेलच्या गठ्ठ्यावरही ठेवू नका, खालची उष्णता बाहेर पडत नाही.

आता केबल. या भागाकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते आणि इथला हिशेब अगदी सरळ आहे. बाजारातल्या बारीक केबलमध्ये पुष्कळदा २८ गेजच्या तारा असतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटरच्या केबलमध्ये करंट जातो आणि परत येतो, म्हणजे चार मीटर तार झाली, रोध सुमारे ०.८५ ओहम. एक अँपिअर ओढला की पाचातले ०.८५ व्होल्ट केबलमध्येच गळतात आणि हॉटस्पॉटला ४.१५ उरतात. तेवढ्यावर बॅटरी नीट चार्ज होत नाही. २४ गेजच्या, म्हणजे जास्त जाड तारेच्या, तेवढ्याच लांबीत गळती ०.३४ व्होल्टवर येते. म्हणून अर्धा ते एक मीटरची जाड केबल आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर लावा. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टवर चालवू नका, तो जेमतेम अर्धा अँपिअर देतो. यूएसबी मीटर मिळाला तर केबलच्या हॉटस्पॉटकडच्या टोकाला लावा आणि अपलोड चालू असताना व्होल्टचा आकडा बघा. तो ४.७ च्या खाली जात असेल, तर केबल बदला.

दुपारचा त्रास उष्णतेनेही वाढतो. असे बहुतेक हॉटस्पॉट ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. ते खिडकीपाशी, पण सावलीत, पत्र्यापासून खाली ठेवा. झाकण काढून चालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. बॅटरी सैल राहते आणि धूळ जाते ती वेगळीच. रेंज कमी असेल, तर हॉटस्पॉट टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकदीने पाठवतो, म्हणजे जास्त करंट आणि जास्त उष्णता. ब्राउझरमध्ये हॉटस्पॉटचा पत्ता टाका. तो स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. सिग्नलच्या पानावर आरएसआरपी हा सिग्नलची ताकद सांगणारा आकडा मिळेल. उणे ९० किंवा त्याहून बरा (उणे ८०, उणे ७०) असेल, तर काळजी नाही. उणे ११० च्याही खाली (उणे ११५, उणे १२०) गेला, तर जागा बदला. लोखंडी कपाट आणि पत्र्याची भिंत यांच्यापासून दोन-तीन फूट सरकवल्यानेही फरक पडतो.

फॅक्टरी रीसेट आणि सॉफ्टवेअर अपडेट सगळ्यांत शेवटी, एपीएन (सिमच्या इंटरनेट जोडणीची सेटिंग) आणि वायफायचा पासवर्ड लिहून ठेवल्यावर. बॅटरी खराब असताना अपडेट कधीही करू नका. मध्येच रिस्टार्ट झाला, तर हॉटस्पॉट कायमचा बंद पडू शकतो.

प्रश्न : जुळे सोलापूरला राहतो. लाईट गेली तरी क्लास चालू राहावा म्हणून पॉवर बँक चार्जरला आणि हॉटस्पॉट पॉवर बँकेला लावून ठेवतो. पण लाईट गेली किंवा आली की हॉटस्पॉट रिस्टार्ट होतो.
— एक विद्यार्थी

उत्तर : लाईट जाते-येते तेव्हा अनेक पॉवर बँकांचा पुरवठा क्षणभर तुटतो. तेवढा क्षण हॉटस्पॉटच्या स्वतःच्या बॅटरीने सांभाळायला हवा. ती सांभाळत नाही, म्हणजे ती कमजोर झाली आहे किंवा तिच्या पिना मळल्या आहेत. वरची काचेची चाचणी करा. बॅटरी चांगली असेल, तर पॉवर बँक मध्ये घालण्याची गरजच नाही. क्लासच्या वेळी लाईट असेपर्यंत हॉटस्पॉट थेट चार्जरला ठेवा आणि गेल्यावर त्याची बॅटरी उतरू लागली की पॉवर बँक जोडा. एकाच पॉवर बँकेला मोबाइलही लावत असाल, तर दुसरी वायर घालताना बऱ्याच पॉवर बँका सगळे पोर्ट क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करतात, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : विजापूर रोडला घर आहे. टेबलावर ठेवायचा सिमवाला राउटर आहे, त्यात बॅटरी नाही. पाण्याची मोटर सुरू केली की तो बंद होऊन चालू होतो.
— एक गृहिणी

उत्तर : मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे घरातले व्होल्टेज क्षणभर पडते. चांगला अडॅप्टर हा खड्डा आतल्या, थोडी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या जोरावर पार करतो. जुन्या अडॅप्टरचा कपॅसिटर सुकलेला असतो, त्याला ते जमत नाही. अडॅप्टरच बदला. व्होल्ट तेवढेच हवेत, म्हणजे लेबलवर १२ असेल तर १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनच्या आतले भोक २.१ मिलिमीटर की २.५, तेही जुळवा. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर दिसतात. चुकीची पिन सैल राहते किंवा आतच जात नाही. लेबलवरचे अधिक-उणे चिन्हही ताडून बघा. जुना अडॅप्टर उघडू नका, आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा डीसी साठलेला असू शकतो.

अडॅप्टर बदलूनही त्रास राहिला, तर घराचे वायरिंग बघा. तीन फेजचे कनेक्शन असेल आणि मोटर लावताना काही दिवे मंद, तर काही नेहमीपेक्षा जास्त लख्ख होत असतील, तर न्यूट्रल सैल आहे. तेव्हा राउटरचा विचार बाजूला ठेवा, मेन स्विच बंद करा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा. सैल न्यूट्रलने फ्रीज आणि टीव्हीही जळतात.

प्रश्न : मोहोळ तालुक्यातून लिहितो आहे. आमचा हॉटस्पॉट कोणी वापरत नसले की दहा मिनिटांत बंद होतो. बिघाड आहे का?

उत्तर : नाही. बॅटरी वाचवण्यासाठी कोणी जोडलेले नसताना वायफाय झोपी जाण्याची सोय बहुतेक मॉडेलांत असते. सेटिंगच्या पानावर वायफाय स्लीप किंवा पॉवर सेव्हिंग शोधा आणि वेळ वाढवा. हॉटस्पॉटवर सीसीटीव्ही कॅमेरा चालवणार असाल, तर ती सोय बंदच ठेवा.