मित्राचा पोर्टफोलिओ बघून खचू नकोस
अरे, त्याचं कोथरूडला वडिलांचं घर आहे, तुझे रूम आणि मेसला जातात तेच पैसे त्याचे एसआयपीत (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम) जातात, हा फरक मेहनतीचा नाहीच. नशीबही असतं, मार्च २०२० च्या शेअर बाजाराच्या पडझडीत ज्यांनी सुरू केलं त्यांना स्वस्तात फंडाचे युनिट (हिस्से) मिळाले.

तुझ्या हातातलं एवढंच:
- लवकर सुरुवात. महिना ५,००० आणि १२ टक्के धरले (गॅरंटी नाही) तर २० वर्षांत ५० लाखांच्या आसपास, १० वर्षांत जेमतेम साडेअकरा.
- त्याआधी हेल्थ इन्शुरन्स, नाहीतर एका आजारपणात सगळं मोडावं लागतं.

नवीन पोरं बरोबरी करायला लोन काढून ऑप्शनमध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरचे जोखमीचे सौदे) घुसतात, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात एफअँडओवाल्या (फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या) १० पैकी ९ जणांचा तोटा दिसलाय, ते प्लीज नको. फंड कुठला ते नंतर बघू, आधी एसआयपीला पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख लावायचं ठरवून टाक.