वाचकांचे प्रश्न : प्लास्टिकच्या मॉडेल कार आणि ट्रक

यावेळी आलेल्या पत्रांत रंगाबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त होते, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे. ट्रकच्या चॅसिसचा प्रश्नही सविस्तर घेतला आहे. तिथली चूक चाकं बसवताना उघड होते आणि तोपर्यंत सगळे सांधे पक्के झालेले असतात.

प्रश्न : किटची बॉडी लाल प्लास्टिकची होती. ग्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारून वर पांढरा लॅकर (तीव्र सॉल्व्हंटमधला, चटकन वाळणारा रंग) स्प्रे मारला. पहिले दोन दिवस रंग स्वच्छ होता, आठवड्याभरात छपरावर आणि बॉनेटवर गुलाबी छटा आली. वर आणखी दोन हात मारले तरी तेच. रंग खराब निघाला का?

उत्तर : रंगाचा काही दोष नाही. प्लास्टिक लाल करण्यासाठी त्यात जो डाय (रंगद्रव्य) घातलेला असतो तो रंगातल्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवात, विरघळतो. लॅकरचा ओला हात पडला की पॉलिस्टायरिनचा (किटच्या प्लास्टिकचा) वरचा थर जरासा मऊ होतो, डाय त्यातून सुटतो आणि रंगाच्या थरांतून वर येतो. साधा प्रायमर त्याला अडवू शकत नाही. तुम्ही वरून मारलेल्या प्रत्येक ओल्या हातानं तो आणखी वर ओढला गेला, म्हणून जास्त रंग मारून हे कधीच झाकलं जाणार नाही.

सगळा रंग काढा. ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवून ठेवा, मधूनमधून जुन्या टूथब्रशनं घासा. बहुतेक लॅकर आणि ॲक्रिलिक रंग असे सुटतात, काहींना एक-दोन दिवस लागतात. लॅकर थिनर किंवा ॲसिटोन मात्र वापरू नका, रंगाबरोबर बॉडीही विरघळेल. नंतर चंदेरी लॅकरचे तीन-चार अगदी पातळ, जवळजवळ कोरडे हात द्या. चंदेरी रंगातले धातूचे बारीक पापुद्रे एकावर एक बसतात आणि डायची वाट अडते. त्यावर पांढरा प्रायमर आणि मग पांढरा रंग.

बॉडीला हात लावण्याआधी हाच सगळा क्रम त्याच किटच्या स्प्रूच्या (पार्ट ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर करून आठवडाभर ठेवा. तुकडा पांढरा राहिला तरच पुढे जा. लाल बॉडी पिवळी करायची असेल तरीही हेच करा. बॉडी काळी किंवा गडद निळी करायची असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

प्रश्न : स्प्रे कॅननं रंगवलेल्या कारवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. पॉलिश करायला घेतलं की दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवरचा रंग उडून प्रायमर दिसतो. योग्य क्रम काय?

उत्तर : रंगाचा थेंब पृष्ठभागावर पडल्यावर पसरायला हवा. तो वाटेतच अर्धा वाळला किंवा मुळात फार घट्ट असला, तर जिथे पडतो तिथेच गोळा होऊन बसतो. म्हणजे तीन कारणं तपासा : कॅन फार लांब धरणं, कॅन थंड असणं आणि हात फार कोरडा मारणं. कॅन कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश) पाच मिनिटं उभा ठेवा आणि मिनिटभर हलवा. उकळतं पाणी किंवा आग कॅनच्या जवळपासही नको. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. स्प्रेची सुरुवात आणि शेवट, दोन्ही बॉडीच्या बाहेर व्हायला हवं.

पण चांगला रंग खरा ठरतो तो कॅन उचलण्याआधी. बॉडी भांड्यांच्या साबणानं धुवा. साच्याच्या जोडरेषा पुढच्या-मागच्या मडगार्डवर आणि छताच्या खांबांवर असतात. त्या नखाला लागतात पण डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. चाकूच्या पाठीनं खरवडा, मग ४०० आणि ८०० नंबरचा सँडपेपर फिरवा. दारं आणि डिकीच्या रेषा स्क्राइबरनं (रेषा कोरायच्या टोकदार हत्यारानं) थोड्या खोल करून घ्या. प्रायमर, रंग आणि क्लियर (वरचा पारदर्शक थर) मिळून सात-आठ थर पडतात, त्यात उथळ रेषा बुजून जातात. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग तयार मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं ते त्यांना उमगत नाही.

प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि वाळल्यावर १००० नंबरनं हलकेच घासा. रंगाचे पहिले दोन हात धुक्यासारखे, मधे १०-१५ मिनिटं. शेवटचा ओला, म्हणजे प्रकाशाचं प्रतिबिंब दिसेल इतका. रंग मेटॅलिक असेल तर सुटं बॉनेट बॉडीवर आतून टेपनं चिकटवूनच रंगवा. वेगळ्या कोनात धरून रंगवलं तर पापुद्रे वेगळे बसतात आणि तयार गाडीवर बॉनेटची छटा निराळी दिसते. मेटॅलिक थर कधीही घासू नका, घासायचा तो फक्त वरचा क्लियर.

क्लियरचे तीन-चार हात झाल्यावर किमान आठवडाभर थांबा. बॉडी नाकाशी धरा. सॉल्व्हंटचा वास येत असेल तर ती अजून वाळलेली नाही. मग २००० आणि ३००० नंबर, पाण्यात थेंबभर साबण घालून. कडांवर रंग उडतो, कारण ओला रंग पृष्ठताणामुळे कडेवरून मागे सरकतो आणि तिथला थर मुळातच पातळ राहतो. म्हणून घासण्याआधी प्रत्येक उठावदार कडेवर एक-दोन मिलिमीटर रुंदीची मास्किंग टेप लावा. टेप काढल्यानंतर त्या कडांवर फक्त सर्वांत बारीक पॉलिश कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), तेही एकदाच. बाकी बॉडीवर जाड, बारीक आणि फिनिश अशा तीन कंपाउंडचा क्रम ठेवा. दाबून घासलं तर उष्णतेनं रंग मऊ पडतो.

एअरब्रश (दाबाच्या हवेनं रंग फवारणारं पेन) असेल तर ०.३ मिलिमीटरचा नॉझल, लॅकरला तेवढाच ते दुप्पट थिनर आणि १५ ते २० पीएसआय दाब, इथून सुरुवात करा. दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. अशा दिवशी रंग न मारणंच बरं. आलेली झाक रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) मिसळलेल्या थिनरचा एक हलका हात दिल्यावर बहुधा जाते. दोन्ही पद्धतींत सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क लावा, कापडी मास्क वाफ थांबवत नाही.

प्रश्न : इनॅमलवर (सौम्य सॉल्व्हंटमधल्या, सावकाश वाळणाऱ्या रंगावर) लॅकर क्लियर मारला तर रंग सुरकुतला. उलटं चालेल का?

उत्तर : चालेल. लॅकरवर इनॅमल ठीक, इनॅमलवर लॅकर नाही. लॅकरचा तीव्र सॉल्व्हंट खालचा थर फुगवतो. रेषांमध्ये इनॅमलचा वॉश (रेषा उठून दिसाव्यात म्हणून भरायचा खूप पातळ गडद रंग) भरायचा असेल तर बॉडी लॅकरनं रंगवलेली हवी. उघड्या, ताणाखालच्या प्लास्टिकवर वॉश साचू देऊ नका, तिथे तडे जातात.

प्रश्न : क्रोमचे पार्ट चिकटत नाहीत. शिवाय बंपरवर मधोमध साच्याची रेषा आहे. काय करावं?

उत्तर : किटवरचं क्रोम म्हणजे लॅकरच्या थरावर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. प्लास्टिक सिमेंट दोन पॉलिस्टायरिनचे पृष्ठभाग वितळवून एक करतं. मधे धातू आला की वितळायला काही मिळतच नाही. सांध्याच्या जागचं क्रोम चाकूनं खरवडून काढा, दोन्ही बाजूंचं.

रेषा ठळक असेल तर क्रोम पूर्ण उतरवा. सोडियम हायपोक्लोराइटच्या ब्लीचमध्ये पार्ट टाकला की ॲल्युमिनियम काही मिनिटांत ते काही तासांत विरघळतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये आम्ल, अमोनिया किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. खाली पिवळट लॅकर उरतं, ते अल्कोहोलमध्ये भिजवून काढा, नाहीतर बारीक तपशील बुजलेलेच राहतील. रेषा घासून झाली की चमकदार काळा रंग मारा, पूर्ण वाळू द्या आणि त्यावर क्रोम रंगाचे अगदी हलके फवारे. काळा थर जितका गुळगुळीत तितकं क्रोम चांगलं. वरून क्लियर मारला की चमक मंदावते, म्हणून मारू नका. हे पार्ट शेवटी बसवा आणि बोटानं धरू नका.

ट्रकच्या गोल डिझेल टाक्यांना हाच उपाय लागतो. त्या दोन अर्धुकांच्या येतात, आणि क्रोमसकट जोडल्या तर फट कायम दिसते. आधी क्रोम उतरवा, जोडा, घासा, मग पुन्हा क्रोम करा.

प्रश्न : ट्रकचं किट पहिल्यांदाच करतो आहे. चॅसिस जोडून झाली, पण टेबलावर ठेवली की दहापैकी दोन चाकं अधांतरी राहतात. आता काय, आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर : ट्रकची चॅसिस म्हणजे दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर. बिघडायची कारणं दोन. एक, स्प्रूवर असतानाच रेल वाकलेली असते. दोन, क्रॉसमेंबरच्या खुंट्या भोकांत सैल बसतात, त्यामुळे एक रेल दुसरीपेक्षा किंचित पुढे सरकते आणि ॲक्सल तिरके होतात. कारच्या किटमध्ये चॅसिस बहुधा एकाच पार्टची असते, म्हणून कार करणाऱ्यांना याची सवय नसते.

पुढच्या वेळी काचेचा सपाट तुकडा घ्या आणि त्याखाली आलेखाचा कागद ठेवा. प्रत्येक रेल काचेवर उभी ठेवून पाहा. वाकलेली असेल तर हाताला सोसणार नाही इतक्या गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि तशीच धरून गार पाण्यात बुडवा. रेलची वरची कड सरळ असेल तर चॅसिस उलटी करून काचेवर जोडा. आधी सगळे क्रॉसमेंबर सिमेंट न लावता बसवा आणि टेपनं धरा. मग दोन्ही कर्ण मोजा : पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत, आणि उलट. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर एक रेल सरकवा. कर्ण जुळले की पातळ सिमेंटचा ब्रश प्रत्येक सांध्याला नुसता टेकवा, सिमेंट केशाकर्षणानं आत जातं. रात्रभर हलवू नका.

सस्पेन्शन आणि ॲक्सल रंगाआधीच बसवा, चाकं मात्र न चिकटवता. सावकाश सुकणारं सिमेंट वापरा, चॅसिस चाकांवर उभी करा, वर थोडं वजन ठेवा आणि प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. जिथे पट्टी सहज निघते ते चाक अधांतरी आहे. सिमेंट ओलं असताना ॲक्सल दाबून जागेवर आणता येतो.

तुमची चॅसिस आधीच पक्की झाली आहे. वाक थोडा असेल तर संपूर्ण चॅसिस गरम पाण्यात धरून पिळाच्या उलट दिशेला किंचित जास्त वळवा आणि गार करा. तेवढ्यानं भागलं नाही तर त्या ॲक्सलची स्प्रिंगवरची बैठक चाकूनं अलगद सोडवा आणि मधे ०.२५ मिलिमीटर प्लास्टिक शीटची चकती घाला. पीळ मोठा असेल तर क्रॉसमेंबर सोडवण्याला पर्याय नाही.

जोडलेली चॅसिस आणि सस्पेन्शन एकाच रंगात एकदम रंगवा. खऱ्या ट्रकची चॅसिसही बहुतेक वेळा अशीच दिसते.

प्रश्न : जुनं न उघडलेलं किट मिळालं. पेटीत टायर ज्या पार्टला टेकले होते तिथले पार्ट वितळल्यासारखे झाले आहेत. असं का?

उत्तर : टायर मऊ व्हायनिलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतो आणि पॉलिस्टायरिनला खातो. नवीन किट घरी आल्यावर पहिलं काम हेच : टायर वेगळ्या पिशवीत ठेवा, काचा दुसऱ्या. तयार मॉडेलमध्येही रिमवर हा परिणाम होतो, आणि रंगाचा थर त्याला फार काळ थोपवत नाही. रिमवर जिथे टायर बसतो तिथे ॲल्युमिनियमच्या चिकट टेपची पट्टी गुंडाळा. खराब झालेली काच पॉलिशनं सुधारणार नाही, तिच्या जागी पारदर्शक शीट कापून लावा.

प्रश्न : १/२४ आणि १/२५ या मापांची मॉडेल शेजारी ठेवली तर फरक दिसतो का? एकाचे पार्ट दुसऱ्याला चालतात का?

उत्तर : साडेचार मीटरची कार १/२४ मध्ये १८७.५ मिलिमीटर होते, १/२५ मध्ये १८०. शेजारी ठेवल्यावर हा फरक जेमतेम जाणवतो, बारा मीटरच्या ट्रेलरचा मात्र दोन सेंटिमीटरचा फरक लपत नाही. १/२५ हे मुख्यतः अमेरिकन किटचं माप. एएमटी ही अमेरिकन कंपनी आधी कार विक्रेत्यांसाठी या मापाची तयार मॉडेल करत असे आणि १९५८ मध्ये तिनं एका पेटीत तीन प्रकारे जोडता येणारी किट काढली. तामिया, फुजिमी, आओशिमा या जपानी कंपन्यांच्या कार आणि इटलीच्या इटालेरीचे ट्रक १/२४ चे. इंजिन, सीट, आरसे बिनधास्त अदलाबदल करा. चाकांचा व्यास मात्र आधी मोजा : १५ इंची रिम १/२४ मध्ये १५.९ मिलिमीटर आणि १/२५ मध्ये १५.२ मिलिमीटर होते, आणि टायर सैल बसायला तेवढं पुरतं.

प्रश्न : इंजिन नसलेलं किट कमी दर्जाचं मानावं का?

उत्तर : नाही. बॉनेट उघडत नाही, म्हणून ते बॉडीवर नीट बसतं, आणि बाहेरचा आकार हाच कारचा जीव आहे. पेटीवरच्या पार्टच्या संख्येवरून किट निवडू नका. जुन्या साच्यातून पुन्हा काढलेलं किट घेताना मात्र जादा प्लास्टिकचे पापुद्रे आणि सैल सांधे गृहीत धरा. ट्रकमध्ये आमचा कौल इंजिनवाल्या किटला, कारण कॅब पुढे झुकली की सगळं उघडं पडतं.

प्रश्न : सगळं रंगवून झाल्यावर बॉडी चॅसिसवर बसेना. जोर लावला तर विंडस्क्रीन सुटली, सुपरग्लूनं चिकटवली तर ती पांढुरकी झाली.

उत्तर : काच, आतला सीटचा टब आणि चॅसिस, हे तिन्ही बॉडीत एकावर एक बसतात. टब अर्धा मिलिमीटर वर राहिला तरी तो काचेला रेटतो आणि बॉडी खाली येत नाही. टबच्या वरच्या कडा आणि डॅशबोर्डची टोकं घासून पाहा, दोष बहुधा तिथेच सापडतो. ही कोरडी जुळणी प्रायमरच्याही आधी करायची असते, तीही टेप लावून, चाकांसकट.

सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्यानं काचेवरच घट्ट होते, तोच पांढरा थर. हलका असेल तर फिनिश कंपाउंडनं निघतो. काच पुन्हा बसवताना पांढरा पीव्हीए गोंद फक्त कडेला लावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसाच्या काडीनं पुसता येतो. गोंद वाळेपर्यंत काच आतून टेपनं धरून ठेवा आणि टब दुसऱ्या दिवशी बसवा.