समितीपुढे नवा विनोदी कार्यक्रम कसा मांडावा?

प्रश्न : आमच्या हौशी विनोदी नाट्यसंस्थेच्या समितीपुढे उत्स्फूर्त विनोदाचा नवा कार्यक्रम मांडायचा आहे. कल्पना सर्वांना आवडते. पण लेखी प्रस्तावात नेमके काय असावे?

उत्तर : कल्पना आवडणे आणि प्रयोगाची तारीख मिळणे यांत बरेच अंतर असते. पहिल्याच वाक्यात प्रेक्षकांना काय दिसेल ते सांगा. ‘नातेसंबंधांवरचा धमाल कार्यक्रम’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘एक प्रेक्षक खिशातली वस्तू देतो आणि तिच्यावरून ६ कलाकार ५० मिनिटांत एका कुटुंबाची गोष्ट रचतात’ असे लिहिले, तर समितीच्या डोळ्यांसमोर प्रयोग उभा राहतो. तीन प्रसंग पुन्हा पुन्हा परतून शेवटी एकमेकांत गुंफणारा ‘हॅरल्ड’सारखा रुळलेला प्रकार वापरणार असाल, तर तुमचे वेगळेपण कोठे आहे, हे स्पष्ट करा. कलाकार आणि तालमी यांचा तपशील थोडक्यात पुरे. मात्र दिवे मालवण्याचा क्षण कोण ठरवणार, हे अवश्य लिहा. कारण संहिता नसल्याने प्रसंगाचा शेवट बहुधा प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याच्याच हाती असतो, आणि हा शेवट चार सेकंद उशिरा आला तरी हशा विरून जातो. शक्य असल्यास अनोळखी प्रेक्षकांसमोर केलेल्या एखाद्या प्रयोगाचे चित्रीकरण सोबत जोडा, असा माझा आग्रह आहे.