सही करायच्या आधी विचारा

या वेळी आलेली पत्रं आणि मेल वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, ती म्हणजे माणसं वकिलाकडे येतात तोवर बहुतेक वेळा काहीतरी होऊन गेलेलं असतं, एकतर सही होऊन गेलेली असते नाहीतर मुदत निघून गेलेली असते. हक्क असतो हो, पण तो मिळवायचा जवळचा रस्ता बंद झालेला असतो आणि मग वर्षानुवर्षं तारखा. म्हणून उत्तरं देताना दिवस आणि मुदती मुद्दाम स्पष्ट लिहितेय. ज्यांची घाई होती त्यांना मेलवर आधीच कळवलंय. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्यात.

मॅडम, आम्ही पुण्यात भाड्याने राहत होतो. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं होतं. एक महिन्याची नोटीस देऊन फ्लॅट सोडला. ६० हजार डिपॉझिट होतं, मालक म्हणतात रंगाचे, साफसफाईचे कापून ११ हजार देतो. वर म्हणतात ॲग्रीमेंट रजिस्टर नाही त्यामुळे तुम्ही काहीच करू शकत नाही. खरं आहे का?

नाही, उलटं आहे. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करावं लागत नाही ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की बसलीय की एजंट लोकसुद्धा तेच सांगतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टरच लागतो, ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा. आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. त्याने केलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रजिस्टर करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, घरमालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत, असं त्याच कलमात लिहिलंय. म्हणजे ते ज्या गोष्टीची तुम्हाला भीती घालतायत ती खरं तर त्यांची अडचण आहे.

रंगाचं म्हणाल तर रोजच्या वापराने भिंत मळते, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक राहतं, त्याला मोडतोड म्हणत नाहीत. तुमच्या कागदावर रंगाचा खर्च भाडेकरूचा असं स्पष्ट लिहिलं असेल तर त्यावर वाद होईल, पण तरी ४९ हजारांचा रंग कसा, बिलं दाखवा असं विचारायचा हक्क तुम्हाला आहेच.

आता करायचं काय. डिपॉझिट ज्या खात्यातून गेलं त्याचं स्टेटमेंट काढा, चावी दिली त्या दिवसाचे मेसेज, सोसायटीच्या गेटवरची सामान नेल्याची नोंद, जे असेल ते गोळा करा. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर पण राहू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, मूळ चॅट फोनमध्ये असेल तर ते सोपं जातं. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवसांत पूर्ण रक्कम द्या नाहीतर व्याजासह दावा लावू. वकिलाच्या लेटरहेडवर गेली तर जास्त बरं. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, तेवढी वाट मात्र बघू नका.

(घरमालक वाचत असतील तर तुमच्यासाठी पण सांगते. रजिस्टर करारात तुमचा फायदा आहे. मुदत संपून माणूस घर सोडत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि राहील तितके दिवस दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई मागता येते. हजार-दोन हजार वाचवायला नोटरीवर भागवू नका. आता तर ऑनलाइन होतं, घरी येऊन थंब घेऊन जातात.)

मी तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार. परराज्यातल्या व्यापाऱ्याने मालाचा ३ लाख ४० हजारांचा चेक दिला, तारीख १० मार्च. १८ मार्चला चेक बाउन्स झाला. व्यापारी रोज फोनवर गोड बोलतो, दादा पुढच्या आठवड्यात टाकतो. आता मे लागला. गावात म्हणतात केस करायची तर त्याच्या राज्यात जावं लागेल. काय करू?

दादा, तुमच्यासारखी पत्रं दर हंगामात येतात आणि वाचून जीव तुटतो, कारण त्या गोड बोलण्यातच मुदत निघून जाते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला लागते, हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चा कणा आहे. तुमचे ते ३० दिवस एप्रिलमध्येच संपले.

पण तुमच्या हातात अजून एक रस्ता आहे. चेक त्याच्या तारखेपासून ३ महिने चालतो, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो तुम्ही बँकेत पुन्हा भरू शकता. पुन्हा परत आला की नवा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, मिळतो आणि त्या मेमोवरून नवे ३० दिवस सुरू होतात. दुसऱ्यांदा बाउन्स झालेल्या चेकवर केस चालते हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा हे वाचत बसू नका, उद्या बँकेत जा. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, मध्ये सुट्ट्या येतात.

नोटिशीत चेकवरचा आकडा अचूक मागा, ३,४०,००० म्हणजे ३,४०,०००. ट्रान्सपोर्ट, व्याज, मनस्ताप सगळं मिसळून एकच मोठी रक्कम लिहिली तर नोटीसच चुकीची म्हणून समोरचा वकील केस पाडायला बघतो. व्यापाऱ्याचा जो पत्ता माहीत आहे त्यावर आणि दुकानाच्या पत्त्यावर, दोन्हीकडे पाठवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा, तो पुरावा आहे. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर योग्य कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीच्या ३० दिवसांचं मात्र तसं नाही.

आणि त्याच्या राज्यात जायची गरज नाही. २०१५ मध्ये कायदा बदललाय, तुम्ही चेक आपल्या खात्यात भरलात तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या कोर्टात केस चालते. यायचं तर त्याने यायचं. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि आरोपीने गुन्हा नाकारला तर केस चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम रक्कम द्यायला कोर्ट सांगू शकतं, सांगेलच असं नाही. काट्याच्या पावत्या, गाडी नंबर, पेट्यांचा हिशोब लिहिलेली वही हे सगळं एका पिशवीत घालून ठेवा, चेक कशापोटी होता हा प्रश्न येणारच. बाकी हे पैसे बुडाले असं धरून बसू नका, अगदी चेकची मुदत गेली असती तरी दिवाणी दाव्याला ३ वर्षं असतात, फक्त तो जास्त रेंगाळतो.

पार्किंगवरून शेजाऱ्याने शिव्या दिल्या, कानाखाली मारली. पोलिसांनी एनसी घेतली आणि म्हणाले कोर्टात जा. एनसी म्हणजे तक्रार घेतलीच नाही का?

घेतलीय, पण अदखलपात्र म्हणून. साधी मारहाण, शिवीगाळ यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत (नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४, १ जुलै २०२४ पासून लागू), म्हणून ते कोर्टाकडे बोट दाखवतात. एनसीची प्रत घ्या आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. पण आधी एक सांगा, दवाखान्यात गेला होता का? कानात आवाज येतोय, दात हललाय असं काही असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून दाखला घ्या, कारण दात पडला, हाड मोडलं किंवा कान कायमचा गेला तर ती गंभीर दुखापत होते आणि मग तो दखलपात्र गुन्हा असतो, एफआयआर घ्यावाच लागतो. तो घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, शहरात असाल तर उपायुक्तांना, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

ताई, वडील २००१ मध्ये गेले. सातबाऱ्यावर थोरल्या दादाचं नाव आहे, पुढे एकुमॅ असं लिहिलंय. आता जमीन विकायची म्हणून दादा म्हणतो वारस नोंदीसाठी सही दे, रविवारी येतोय. त्याच्या ओळखीच्या माणसाने सांगितलं २००५ च्या आधी वडील गेले म्हणून मुलींना हक्क नाही, आणि १९९८ ला तोंडी वाटण्या पण झाल्यात. कागदाचा फोटो पाठवलाय. सही केली नाही तर माहेर तुटेल. काय करू?

ताई, फोटो दोनदा वाचला. वर ‘वारस नोंदीकामी’ लिहिलंय, पण आत तिसऱ्या परिच्छेदात ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध कायमचा सोडून देत आहे’ अशी ओळ आहे. हे हक्कसोडपत्र आहे. वारस नोंदीला बहिणीने हक्क सोडावा लागत नाही, त्याला अर्ज, मृत्यूचा दाखला आणि सगळे वारस कोण हे सांगणारं शपथपत्र लागतं, आणि त्यात तुमचं नाव यायला पाहिजे, जायला नाही.

२००५ चं जे सांगतायत ते आता चालत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्माने हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात हवे होते का यावर बरीच वर्षं वाद चालला, मध्ये २०१५ ला सुप्रीम कोर्टाने हयात हवेत असंच म्हटलं होतं, तेच ऐकलेलं लोक अजून सांगतात. पण ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी ते बदललं, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मग प्रश्नच नाही, १९५६ पासूनच मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, आई आणि भावांच्या बरोबरीने.

तोंडी वाटण्यांचं: २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तर ते कायम राहतं. नुसतं ‘तोंडी झालं होतं’ एवढ्यावर सहसा कोर्ट मान्य करत नाही, त्याला त्या वेळचे पक्के सरकारी कागद लागतात. आणि तुम्हीच लिहिलंय की सातबाऱ्यावर अजून दादाचं नाव एकुमॅ, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून आहे. वाटण्या झाल्या असत्या तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर कशाला राहिला असता? मॅनेजर सगळ्यांच्या वतीने नाव लावतो, तो एकटा मालक होत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही.

माहेर तुटेल ही भीती मी रोज बघते आणि ती खोटी नाही. पण भावाला नाही म्हणायची गरज नाही, ‘दादा कागद ठेवून जा, वाचून सांगते’ एवढंच म्हणा. हिस्सा सोडायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कुणी सोडतं, कुणी अर्धा घेतं, कुणी विक्रीतून पैसे घेतं आणि नातं टिकतं. फक्त गट नंबर किती, घर त्यात आहे का, आईचं नाव कुठे आहे, हे बघितल्याशिवाय नको. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर व्हावं लागतं, तिथे फोटो आणि अंगठा होतो, त्यामुळे तुम्हाला ‘जरा ऑफिसात चल’ म्हणतील तेव्हा समजा. एकदा रजिस्टर झालं की रद्द करायला फसवणूक सिद्ध करावी लागते, ते फार अवघड जातं.

या आठवड्यात महाभूमीच्या साइटवरून सातबारा आणि जुने फेरफार काढा, ‘आपली चावडी’वर तुमच्या गावाची फेरफाराची नोटीस लागलीय का बघत राहा. लागली तर १५ दिवसांत तलाठी ऑफिसला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर होऊन गेली तरी प्रांतांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका, महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं, फोन १५१००. तिथे मध्यस्थी पण होते, दादाला तिथे बोलावून समोरासमोर बोलता येईल.

नवा फ्रिज ८ महिन्यांत तीनदा बिघडला. कंपनी बदलून देत नाही, दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला. ३२ हजारांसाठी वकील परवडत नाही.

वकील लागतच नाही. प्रत्येक वेळी टेक्निशियन आला त्याची जॉबशीट जपून ठेवा, कंपनी आणि दुकानदार दोघांना ईमेल करा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि स्वतः बोलता येतं. मुदत २ वर्षं. दुकानदाराला सोडू नका, दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे ढकलायचा प्रश्न येत नाही.